युरोपातल्या टोळधाडी: नकाशावर बाण कुठून कुठे काढायचे?

बालाघाट (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. इथल्या वाचनालयासाठी टोळधाडींच्या इतिहासावर चार तक्ते करतेय. त्यातला एक युरोपचा. हाताशी असलेल्या नकाशात सहारा वाळवंटातून एक जाड बाण निघतो, भूमध्य समुद्र ओलांडतो आणि सरळ जर्मनी-पोलंडात जाऊन टेकतो. खाली सालं दिली आहेत: ८७३, १३३८, १६९३, १७४८.

हा बाण मला पटत नाही. वाळवंटातून आलेले टोळ आधी इटली, मग आल्प्स, मग जर्मनी असे जायला हवेत. पण १७४७-४८ च्या नोंदींत आधी वालाकिया, मोल्डाव्हिया, ट्रान्सिल्व्हेनिया (आजच्या रोमानियाच्या आसपासचे प्रदेश) येतात, मग हंगेरी-पोलंड, आणि शेवटी इंग्लंड. म्हणजे धाड पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकलेली दिसते. ती नेमकी कोणत्या जातीची? निघायची कुठून, वाट कोणती? आणि नंतर थांबली का? २०२० मध्ये विदर्भात टोळ आले तेव्हापासून आपल्याकडे टोळ म्हणजे एकच जात असा समज पक्का झालाय, म्हणून तक्त्यावर जात बिनचूक लिहायची आहे.

गोदाकाठ (परभणी)

ताई, शंका बरोबर आहे. तो बाण खोडाच.

मध्य युरोपात शिरलेल्या मोठ्या धाडी स्थलांतरी टोळाच्या, शास्त्रीय नाव लोकुस्टा मायग्रेटोरिया. २०२० मध्ये राजस्थान, मध्य प्रदेश करत अमरावती-नागपूरकडे उतरला तो वाळवंटी टोळ, शिस्टोसर्का ग्रेगारिया. जाती वेगळ्या, घरं वेगळी, खाणंही वेगळं. वाळवंटी टोळ जवळजवळ कोणताही हिरवा पाला खातो. स्थलांतरी टोळाचा ओढा गवत आणि तृणधान्यांकडे: गहू, जव, राय, ओट, लव्हाळी, वेत. आपल्या भाषेत सांगायचं तर तो ज्वारी, बाजरी, ऊस धरेल. तूर-सोयाबीन त्याच्या आवडीचं नाही.

त्याचं घर वाळवंटात नाही, पाणथळीत आहे. डॅन्यूबच्या मुखाजवळची वेताची बेटं, नीस्टर आणि नीपर नद्यांचे खालचे पट्टे, पुढे कुबान, तेरेक, व्होल्गा, म्हणजे काळ्या समुद्रापासून कॅस्पियनपर्यंतचा पुराचा गाळ आणि वेत. वाळवंटी टोळात पाऊस पडून हिरवळ वाढली की संख्या फुगते. इथे बहुतेक उलटं होतं. दुष्काळात पूर येत नाही, पाणी मागे हटतं, गाळाची उघडी ओलसर जमीन वाढते आणि माद्यांना अंडी घालायला भरपूर जागा मिळते. त्यानंतर वेत वाळत जातो, हिरवळीचे तुकडे लहान होतात आणि पिल्लं त्या थोड्या जागेत एकमेकांच्या अंगावर येतात. या गर्दीतूनच एकांडा हिरवा-तपकिरी किडा झुंडीच्या काळ्या-नारिंगी रूपात जातो. पूर्वी या दोन रूपांना दोन वेगळ्या जाती समजत. कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी १९२१ मध्ये एकाच जातीच्या या दोन अवस्था असल्याचं मांडलं, आणि तेही याच टोळावर काम करून.

वेळापत्रक तक्त्यावर जरूर द्या, कारण वाट त्यावरून उमगते. तिकडे वर्षाला एकच पिढी. अंडी हिवाळाभर जमिनीत सुप्त राहतात, साधारण मे महिन्यात फुटतात. बिनपंखी पिल्लं पाच अवस्थांतून जातात, त्याला पाच-सहा आठवडे. म्हणजे पंख फुटतात जून अखेर ते जुलैत. उड्डाण दिवसा, अंगाला ऊन लागल्यावर आणि बहुतेक वाऱ्याच्या दिशेने. म्हणून व्हिएन्ना, बोहेमिया (आजच्या झेक प्रजासत्ताकाचा भाग), जर्मनीकडच्या नोंदी ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास गोळा होतात. डॅन्यूबच्या मुखापासून व्हिएन्ना सरळ रेषेत सुमारे १००० किमी. तुलना हवी तर बाडमेर ते छत्रपती संभाजीनगर सुमारे साडेसातशे किमी.

वाटा मुख्यतः दोन. दोन्हींच्या मध्ये कार्पेथियन पर्वत आहे, तो नकाशावर ठळक काढा, नाहीतर वाचणाऱ्याला काही कळणार नाही.

दक्षिणेची वाट वालाकियाच्या मैदानातून कार्पेथियनच्या खिंडींत शिरते, ट्रान्सिल्व्हेनियात उतरते, तिथून हंगेरीचं सपाट मैदान, मग डॅन्यूबच्या खोऱ्याने वर ऑस्ट्रिया, मोराव्हिया, बव्हेरिया. १७४७ मध्ये ओल्ट नदीच्या घळीतल्या तांबड्या बुरुजाच्या खिंडीतून (तिकडे तुर्नु रोशु म्हणतात) टोळ आत आल्याची नोंद आहे. नदीने डोंगर कापलेली जागा आणि टोळांची वाट एकच निघावी हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर निरीक्षण वाटतं.

उत्तरेची वाट कार्पेथियनच्या बाहेरून: मोल्डाव्हिया, पोडोलिया (आजचा पश्चिम युक्रेन), पोलंड, सायलेशिया (आजच्या पोलंडचा नैर्ऋत्य भाग) आणि पुढे जर्मनीतलं सॅक्सनी-थुरिंजिया.

आल्प्सवरून बाण काढू नका. इटलीतल्या धाडी वेगळ्या दाखवा. पो नदीच्या खोऱ्यातल्या पूर्वेकडून आलेल्या असू शकतात, पण दक्षिण इटली, सार्डिनिया, स्पेन, प्रोव्हान्स, सायप्रस इथे मोरोक्कन टोळ (ही तिसरीच जात) मुळातच राहतो. तो घरचाच उपद्रवी. लांबून आलेला पाहुणा नाही.

सहाराचा बाण ठेवायचाच असेल तर बारीक, तुटक रेषेत आणि अपवाद म्हणून. ऑक्टोबर १९५४ मध्ये वाळवंटी टोळ ब्रिटिश बेटांपर्यंत पोचले होते. नोव्हेंबर २००४ मध्ये कॅनरी बेटांवर उतरले. १९८८ मध्ये तर अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांत गेले. वाऱ्याने भरकटवलेली ही मंडळी. त्यांनी पोलंडातला गहू खाल्लेला नाही.

मन्याड (नांदेड)

गोदाकाठ सरांनी कीटकाची बाजू मांडली, मी कागदाची मांडतो. सालं बरोबर आहेत, पण प्रत्येकाखाली एक ओळ असल्याशिवाय तक्ता कोरडा राहील.

८७३: जर्मनीतल्या फुल्डाच्या मठाशी जोडलेल्या वार्षिक नोंदींत पूर्वेकडून आलेल्या टोळांचं वर्णन आहे. चार पंख, सहा पाय, दगडाहून कठीण दोन दात. माइन्झजवळ तासाभरात शंभर युगेरा धान्य फस्त झालं असं लिहिलंय. युगेरा हे जमिनीचं रोमन माप, पाव हेक्टरच्या आसपास. पण नवव्या शतकातला मठवासी ते किती काटेकोरपणे वापरत होता यावर भिस्त ठेवू नका. 'शंभर युगेरा' असंच लिहा, एकरांत फोडू नका.

१३३८: पुढे सम्राट झालेला बोहेमियाचा युवराज चार्ल्स (चौथा) याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पहाटे एका सरदाराने त्याला उठवलं, उठा, कयामतीचा दिवस आला, सगळं जग टोळांनी भरलंय. चार्ल्स घोड्यावर बसून झुंडीचा शेवट बघायला निघाला. तो शेवट ऑस्ट्रियातल्या पुल्काउ गावापाशी, सात मैलांवर सापडला. रुंदी किती ते त्याला दिसलंच नाही. हा मैल आपला नव्हे. तिकडचा जुना मैल सात किलोमीटरच्या आसपास असे. '७ मैल म्हणजे ११ किमी' असं छापलेलं दिसतं ते चूक आहे. १३३८ ची धाड त्याच वर्षी संपली नाही, पुढची दोन-तीन वर्षं मध्य युरोपात नोंदी येत राहतात.

१४८०: हे साल तुमच्या यादीत नाही, घाला. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंतीवर त्या वर्षीच्या तीन संकटांचं भित्तिचित्र आहे: टोळ, तुर्कांची स्वारी आणि प्लेग. तक्त्यावर लावायला यापेक्षा चांगलं चित्र नाही. रंग बरेच उडालेत, त्यामुळे छायाचित्र लहान छापलं तर काही दिसणार नाही.

१६९३: हंगेरी, ऑस्ट्रिया, बोहेमिया करत थुरिंजियापर्यंत. १७४७-४९: सगळ्यात नीट नोंदलेली धाड. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात वालाकिया, मोल्डाव्हिया, ट्रान्सिल्व्हेनियाचा वृत्तान्त छापला गेला आणि १७४८ च्या ऑगस्टात खुद्द लंडनमध्ये टोळ दिसले.

आता तारखांचा घोळ. बाणावर महिना-तारीख टाकणार असाल तर हे आधी सोडवा. इंग्लंडने नवी दिनदर्शिका १७५२ मध्ये घेतली. त्यामुळे १७४८ ची लंडनची ४ ऑगस्ट म्हणजे व्हिएन्नाची १५ ऑगस्ट. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट संस्थानांनी १७०० मध्ये बदल केला, म्हणून १६९३ ला एका शहराची तारीख शेजारच्या कॅथलिक शहरापेक्षा १० दिवस मागे असू शकते. हे दुरुस्त न करता तारखा क्रमाने लावल्या की झुंड उलटी उडाल्यासारखी दिसते. १३३८ च्या तारखांत ८ दिवस मिळवा, ८७३ च्या तारखांत ४, म्हणजे ऋतू आजच्या पंचांगाशी जुळतो.

आणखी एक. बखरकार 'टोळ' म्हणतो तेव्हा तो दरवेळी झुंडीचा टोळ असतोच असं नाही. स्थानिक नाकतोडे माजले तरी तोच शब्द वापरला जातो. पूर्वेकडून आले, आकाश झाकलं, सूर्य दिसेना, अमुक दिवशी आले आणि अमुक दिवशी उठून गेले, एवढं असेल तरच बाण काढा. नुसतं 'यंदा टोळांनी पीक खाल्लं' असेल तर ठिपका ठेवा.

बालाघाट (अंबाजोगाई)

दोघांचेही आभार. बाण खोडला, दोन नवे काढले. आता राहिला शेवटचा रकाना: थांबल्या का? एका ठिकाणी कारण 'हिमयुगासारखी थंडी' दिलंय, दुसरीकडे 'औषध फवारणी'. दोन्ही गळी उतरत नाहीत. आणि त्या काळी लोक नक्की काय करायचे? घंटा वाजवणे, तोफा उडवणे याशिवाय काही होतं का?

तेरणा (धाराशिव)

घंटा-तोफांनी टोळ उठतो आणि शेजारच्या शिवारात बसतो. एवढाच त्याचा उपयोग. आपल्याकडे डबे वाजवतात तेच. पंख फुटलेल्या टोळापुढे त्या काळी माणसाकडे खरंच काही नव्हतं. काम व्हायचं ते दोन वेळी: अंडी जमिनीत असताना आणि पिल्लं चालत असताना.

अंडी: मादी पोटाचं टोक जमिनीत खुपसून फेसाच्या आवरणात अंड्यांचा पुंजका घालते, तो वरच्या काही इंचांत असतो. शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात ती जागा उथळ नांगरली की पुंजके उघडे पडतात, थंडी आणि पाखरं बाकीचं करतात. फ्रान्सच्या दक्षिणेत मार्सेय आणि आर्ल या शहरांनी १६१३ मध्ये टोळ आणि अंडी वेचायला पैसे मोजले होते. चुकतं कुठे, तर खोल नांगरटीत. पुंजका फोडायच्या ऐवजी गाडला जातो आणि ढेकळांच्या फटींतून पिल्लं वर येतात. दुसरी चूक म्हणजे फक्त शेत नांगरणं. अंडी असतात बांधावर, कुरणात, पडीक रानात, आणि नेमकं तेच कुणी नांगरत नाही.

पिल्लं: पंख नसतात तोवर ती पट्ट्यासारखी एका दिशेने चालतात. त्यांच्या पुढ्यात आडवा चर खणायचा, साधारण दोन फूट खोल, दीड-दोन फूट रुंद, बाजू उभ्या आणि गुळगुळीत. माती पलीकडच्या काठावर टाकायची म्हणजे उडी मारणाऱ्याला भिंत मिळते. मागून झाडाच्या डहाळ्यांनी हाकायचं, पण सावकाश. घाई केली की पट्टा फुटतो आणि पिल्लं चराच्या दोन्ही टोकांकडून निसटतात. चर अर्धा भरला की लगेच निदान फूटभर माती लोटून तुडवायची. उशीर केला तर खालच्यांच्या पाठीवर पाय देऊन वरचे बाहेर येतात. वाळूच्या जमिनीत बाजू ढासळतात, उतार तयार होतो, चर वाया जातो. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात तो भेगांमुळे फसेल. आणि शेवटच्या अवस्थेतली पिल्लं असतील तर खणूच नका, चर पुरा होईपर्यंत ती उडालेली असतात.

या सगळ्याचं सर्वांत पक्कं रूप सायप्रसमध्ये तयार झालं. तिथला टोळ मोरोक्कन. रिचर्ड मात्तेई नावाच्या तिथल्या जमीनदाराने १८६० च्या दशकात कापडी पडद्यांची रीत काढली, १८७८ नंतर ब्रिटिश प्रशासनाने ती बेटभर राबवली. पिल्लांच्या वाटेत साधारण तीन फूट उंचीचा जाड कापडाचा पडदा खुंट्यांवर ताणायचा. वरच्या कडेला मेणकापडाची काही इंच रुंद पट्टी शिवायची. पिल्लू कापडावर चढतं, मेणकापडावर पाय निसटतो, खाली पडतं. दोन-चारदा पडलं की पडद्याच्या कडेने चालायला लागतं. त्या कडेला काटकोनात खड्डे खणलेले, काठाला जस्ताच्या पत्र्याची चौकट. आत पडलेलं पत्र्यावरून वर येऊ शकत नाही. पडद्याची खालची कड मातीने दाबली नाही तर सगळा खटाटोप फुकट, बोटभर फटीतूनही पट्टा पलीकडे जातो. पडदे, खड्डे आणि अंडी वेचणं ही तिन्ही कामं ओळीने काही वर्षं केली तेव्हा १८८० च्या दशकात बेटावरचा टोळ आटोक्यात आला. त्यात औषधाचा वाटा नव्हता. तुमच्या तक्त्यावर या पडद्याची आकृती अवश्य काढा, पोरांना लगेच कळेल.

गोदाकाठ (परभणी)

तेरणाभाऊंनी चराचं सांगितलं ते अगदी बरोबर. पण चर-पडदे बेटावर चालतात, दोन हजार किमीच्या वाटेवर नाही. मध्य युरोपातल्या धाडी कुणी मारून थांबवल्या नाहीत. उगम आटत गेला म्हणून त्या थांबल्या.

थंडीचं कारण टिकत नाही. १६९० चं दशक युरोपातल्या सगळ्यात गार दशकांपैकी एक, आणि १६९३ ची मोठी धाड त्याच दशकातली. फवारणीचं तर साफ चूक. संश्लेषित कीटकनाशकं दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास आली, मध्य युरोपातल्या धाडी त्याआधीच १९ व्या शतकात विरत गेल्या होत्या.

मग बदललं काय? जमीन. १८ व्या शतकाच्या अखेरीस काळ्या समुद्राच्या उत्तरेचा गवताळ प्रदेश रशियाकडे गेला आणि तिथे वसाहत, नांगरट सुरू झाली. ओडेसा शहराची स्थापना १७९४ ची. धाडी लगेच नाही थांबल्या. १८२४ च्या मे महिन्यात ओडेसात असलेल्या कवी पुश्किनला गव्हर्नर व्होरोन्त्सोव्हने खेर्सोन भागातलं टोळांचं नुकसान पाहायला धाडलं होतं, म्हणजे तेव्हाही तिथे टोळ होता. पण एकेका दशकाने कुरणं शेतांत गेली. हंगेरीत तिस्सा नदीचं नियंत्रण १८४६ मध्ये सुरू झालं. वळणं कापून नदी चारशे किमीहून जास्त आखूड केली, पूरमैदान बांधांनी तोडलं. म्हणजे वाटेतला मुक्काम गेला. तिथे उतरलेल्या झुंडींना पुढच्या वर्षासाठी अंडी घालायला पूर्वी जागा होती. त्याच्याही पश्चिमेला ओल्या मातीत आणि गारठ्यात टोळ फार पिढ्या टिकत नव्हताच, अंडी कुजायची, बुरशीने प्रौढ मरायचे. तिकडची प्रत्येक धाड पूर्वेकडून नवा भरणा आला तरच चालू राहायची.

तक्त्यात 'टोळ नामशेष झाला' मात्र लिहू नका. डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशात वेत अजून आहे आणि टोळही आहे, एकांड्या रूपात. कझाकस्तानात १९९० च्या दशकात सोव्हिएत काळातली मोठी शेतं पडीक पडली आणि १९९९-२००० च्या सुमारास इटालियन टोळाचा (ही आणखी एक वेगळी जात) प्रचंड उद्रेक झाला. सार्डिनियात ओत्तानाच्या मैदानात २०१९ पासून ओळीने काही वर्षं मोरोक्कन टोळाने हजारो हेक्टर खाल्लं. तिथेही कारण न नांगरलेली, सोडून दिलेली जमीन. हा टोळ घट्ट, न हललेल्या मातीतच अंडी घालतो.

सार्डिनियात या टोळाच्या नैसर्गिक शत्रूवरही काम झालंय: मायलाब्रिस जातकुळीचा भुंगा, ज्याची अळी टोळाची अंडी खाते. आपल्याकडे मूग-तुरीच्या फुलांवर काळ्या-तांबड्या पट्ट्यांचा भुंगा बसतो, चिरडला तर कातडीवर फोड येतो, तो याच कुळातला. फुलं खातो म्हणून आपण त्याच्या मागे लागतो, पण त्याची अळी जमिनीत नाकतोड्यांची अंडी संपवत असते. फुलोऱ्यात फारच झाले तर सकाळी हातमोजे घालून वेचा, सरसकट फवारू नका.

बालाघाट (अंबाजोगाई)

शेवटचं विचारते. तक्त्यांसोबत पेटीत खरे किडे ठेवायचे आहेत. स्थलांतरी आणि वाळवंटी टोळ शेजारी ठेवले तर पाहणाऱ्याला फरक कशावरून दाखवू? रंग सांगायचा तर वाळल्यावर तो राहत नाही.

गोदाकाठ (परभणी)

रंगावर जाऊच नका. किडा उताणा करा आणि दहापट भिंगाने पुढच्या दोन पायांच्या मध्ये, गळ्याखाली बघा. वाळवंटी टोळाला तिथे एक खुंटीसारखा उंचवटा असतो. स्थलांतरी टोळाला तो नसतो, तिथे सपाट असतं आणि छातीच्या खालच्या बाजूला दाट केस असतात. ही खूण वाळल्यावरही जात नाही. मुंबई टोळालाही खुंटी असते, त्यामुळे खुंटी दिसली की लगेच 'वाळवंटी' अशी चिठ्ठी लावू नका. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई इलाख्यात ज्याने धुमाकूळ घातला तो हाच टोळ, आणि तो इथे आजही सापडतो.

स्थलांतरी टोळाचा एकांडा नमुना आपल्या भागातही मिळू शकतो. पावसाळ्याच्या अखेरीस नदीकाठच्या गवतात, ज्वारीच्या कडेला जाळी फिरवा. टोचणी पाठीच्या कवचावर, मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडे टोचा. एक नमुना उताणा ठेवून त्याच्यावरच भिंग बसवा, नाहीतर खुंटी कुणाला दिसणार नाही. मोठ्या टोळाचं पोट कुजतं, म्हणून आधी खालून चीर देऊन आतडी काढा, कापूस भरा, आठवडाभर सावलीत वाळवा आणि पेटीत डांबरगोळी टाका. मुंग्यांसाठी पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या.